तिसगावची कुस्ती आणि चावी न लागणारा कॅमेरा

मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. आणि नशीब बघा, आयुष्यभर काम मिळालं ते खुर्चीत बसून फिल्म कापायचं. आता निवृत्तीनंतर भाचीने हा ब्लॉग उघडून दिलाय, म्हणाली, "मावशी, सारखी येरझाऱ्या घालण्यापेक्षा लिही." तर लिहिते. सुरुवात तिसगावच्या सहलीने. सहल कसली, जीव टांगणीला लावून केलेला प्रवास होता तो!

एकोणीसशे त्र्याहत्तरचं साल. मुंबईत टीव्ही येऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या केंद्रात खेळाचा एक छोटा कार्यक्रम होता आणि त्याची फिल्म कापायला मी, करारावरची, वय वर्षं चोवीस. कॅमेरामन सावंत यांच्याकडे चावीचा कॅमेरा होता, घड्याळासारखी चावी द्यायची, तो जरा वेळ चालायचा आणि बंद. कुस्ती काय चावी बघून होते? सावंत शूटिंग करून यायचे आणि माझ्या टेबलावर दरवेळी तेच. सलामी आहे, झटापट आहे, मग एक पैलवान पाठीवर पडलेला आहे. त्याला पाडलं कसं, ते कुठेच नाही! मधे मी प्रेक्षकांच्या टाळ्या चिकटवायची. लोक काय दूधखुळे होते? त्यांच्या तक्रारी यायला लागल्या.

मग परदेशातून नवा कॅमेरा आला. बॅटरीवर चालणारा, रीळ संपेपर्यंत न थांबणारा, आणि सोबत आवाज घ्यायला खांद्याला अडकवायचं टेप मशीन. बातम्यांवाले त्यावर डोळा ठेवूनच होते. आमचे साहेब म्हणाले, "एकदा घेऊन जा. एक कुस्ती सलामीपासून चितपटीपर्यंत अख्खी आणून दाखवा. नाहीतर कॅमेरा बातम्यांना आणि खेळाची फिल्म बंद." फिल्म बंद म्हणजे माझा करार बंद, आणि करार बंद म्हणजे सातारला परत जाऊन पाहुण्यांपुढे पोह्यांचा ट्रे धरायचा. मी म्हटलं, "टेप मशीन मी सांभाळते. मीपण जाणार." साहेबांनी कपाळाला हात लावला, पण आवाज घ्यायला दुसरं माणूस नव्हतंच.

पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे नगरची एसटी. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.) गाडी खच्चून भरलेली. यंत्राची पेटी टपावर टाका म्हणून कंडक्टर हटून बसला. मी ती मांडीवर घेतली आणि शिरूर येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या. बाहेर दुष्काळ. रस्त्याच्या कडेला ओळीने माणसं खडी फोडत होती, बायका डोक्याला फडकी बांधून, आणि मैलच्या मैल हिरवा रंग म्हणून नाही. असल्या दिवसांत कुणी कुस्त्या भरवतं का, हे मी सावंतांना तीनदा विचारलं. "जत्रा आहे ना, शालूताई. पाणी नाही म्हणून देव थोडाच सुट्टीवर जातो," ते म्हणाले आणि परत झोपले. मला त्या मेल्या झोपेचा इतका राग आला!

मुक्काम नगरजवळ केडगावला, सावंतांच्या मावसबहिणीकडे. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि पाण्याचा तांब्या हातात देताना तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. मी अर्धाच प्यायले. बॅटरी चार्जिंगला लावली आणि पाच मिनिटांनी बघून आले. मग परत. मग परत. शेवटी ती बाई म्हणाली, "आवो, ती काय म्हैस हाय का सतरांदा बघायला? बसा की जरा!"

सकाळी पाथर्डीची गाडी धरली. करंजीचा घाट तेव्हा अरुंद होता. समोरून ट्रक आला की आमची गाडी मागे घ्यायची आणि मी पेटी घट्ट धरायची. आता जाल तर रस्ता छान आहे, अर्ध्या वेळात पोहोचाल. घाटाच्या वर चहाला मात्र थांबा, वारा काय सुटतो तिथे!

तिसगावात आप्पा वस्ताद आमची वाट बघत होते. गावची तालीम त्यांची, कुस्त्यांचा सगळा कारभारही त्यांचाच. गळ्याचा आणि खांद्याचा फरक कळू नये असा देह. त्यांनी सावंतांना मिठी मारली, मला नमस्कार घातला आणि लगेच म्हणाले, "ताई, राग नका मानू. आखाड्याच्या कडंला बायामानसं बसत न्हाईत. रीत हाय."

"मग मी आवाज कुठून घेऊ? झाडावरून?" माझं डोकं फिरलंच.

आप्पा गडबडले. शेवटी तोडगा निघाला. बैल चारा छावणीत होते, त्यामुळे गाड्या मोकळ्याच उभ्या होत्या. त्यातली एक आखाड्यापासून जरा लांब आणून उभी केली, मी तिच्यावर बसले, माइकची वायर हलगीवाल्यापर्यंत सोडली आणि कानाला हेडफोन लावले. चित्र कॅमेऱ्यात, आवाज माझ्या टेपमध्ये, आणि नंतर दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी. मी टाळी वाजवायची, सावंतांनी ती कॅमेऱ्यात घ्यायची. सोपं होतं. पण मी टाळी वाजवली आणि अख्ख्या गावाने मला मान देऊन टाळ्यांचा कडकडाट केला! त्यात माझी टाळी कुठली शोधायची, सांगा.

लहान कुस्त्या सुरू झाल्या. सावंतांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लढणारे दोघंही जागच्या जागी थिजले. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर, छात्या फुगवलेल्या, डोळे कॅमेऱ्याकडे. सावंतांनी कॅमेरा खाली घेतला, कुस्ती सुरू. वर घेतला, कुस्ती बंद. मला काही कळेना. तेवढ्यात हेडफोनमध्ये आप्पांचा आवाज घुमला, "हलू नगा रं! फोटू चाललाय!"

गावाला कॅमेरा माहीत होता तो पाथर्डीच्या स्टुडिओवाल्याचा. तो लग्नात यायचा, काळ्या कापडात डोकं घालायचा आणि हलाल तर तुमचा पैसा पाण्यात म्हणायचा. हा धडा सगळ्यांनी पक्का केलेला. आमचं एक अख्खं रीळ थिजलेल्या माणसांवर गेलं. दुसरं असंच अर्ध्यावर आलं तेव्हा मी गाडीतून उडी टाकून आप्पांकडे धावले. रीत गेली चुलीत!

"आप्पा, हा हलता फोटो आहे! सिनेमासारखा. हलायचं! थांबलात तर माझी नोकरी जाईल."

"आगं बया! आधी सांगायचं की, पोरी!" आप्पांनी भोंगा तोंडाशी धरला. "मंडळी, ह्यो हलता फोटू हाय! समद्यांनी हला!"

मग काय विचारता! पुढच्या कुस्तीत पैलवान कॅमेऱ्याला हात करत होते, पंच कमरेवर हात ठेवून डुलत होता आणि मागे दोन म्हातारे उगाचच उठाबशा काढत होते. सावंत हसून हसून खाली बसले. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

एकच रीळ उरलं होतं आणि शेवटची मोठी कुस्ती. तिसगावचा सखाराम, सडपातळ, सागाच्या दांड्यासारखा सरळ पोरगा, आणि समोर कोपरगावचा रंगनाथ, तिकडच्या साखर कारखान्याच्या तालमीतला, त्याच्या दीडपट. सलामी झाली आणि मी मनात म्हटलं, देवा, आता यांना आमचा विसर पडू दे. पडला! हलगी कडाडायला लागली. धुळीत नुसते हात, पाय, पाठी. कॅमेरा न थांबता फिरत होता, चावी नाही की खंड नाही. माझ्या कानात श्वास, मांड्यांवरच्या थापा, आप्पांचं "धर, धर, धर!" मला बसवेना, गाडीतच मी उभी राहिले. किती रीळ उरलं असेल याचा मनात हिशोब लागेना. अन् सखाराम खाली घुसला, रंगनाथच्या मांडीत हात घातला आणि त्याला सरळ खांद्यावर उचललं!

आणि तेवढ्यात त्याला कॅमेरा दिसला.

तो थांबला. एवढा मोठा माणूस खांद्यावर घेऊन कॅमेऱ्याकडे वळला, हनुवटी वर केली आणि पुतळा झाला. त्याहून कहर म्हणजे वर आडवा असलेला रंगनाथ! त्यानेही धडपड थांबवली, कपाळावरचे केस मागे सारले आणि लेन्सकडे बघत गप्प पडून राहिला. हलगी थांबली. सगळं गाव थांबलं. रीळ चाललंय, संपत आलंय, आणि सखारामच्या मांड्या थरथरायला लागल्यात. तो पडला तर कुस्तीही गेली आणि माझी चितपटही गेली. त्याने तोंड न हलवता विचारलं, "निघाला का?"

रेकॉर्डिंग चालू असताना आपण ब्र काढायचा नाही, हे सावंतांना वाटभर ऐकवलं होतं ते मीच. मीच गाडीवरून बोंबलले, "निघाला, निघाला! टाक आता!"

धप्प! रंगनाथ पाठीवर, वर धूळ, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यातलं रीळ संपलं.

संध्याकाळी आप्पांकडे शेंगोळ्या जेवलो. (कुळथाच्या पिठाच्या, लसणाच्या रश्शातल्या. तिकडे गेलात तर मागून खा, हॉटेलात मिळत नाहीत.) दोन्ही पैलवान मांडीला मांडी लावून बसले होते. मी रंगनाथला विचारलं, "तू सुटायची धडपड का नाही केलीस?"

"ताई, वर ग्येलो तवाच हरलो हुतो," तो म्हणाला. "म्हनलं, निदान फोटू तरी ब्येस येऊ द्या."

सखाराम लाजत म्हणाला, "ह्यो मुंबईत दिसनार. आमाला कसा दिसायचा? एक फोटू आमाला बी द्या, दोघांचा." मी हो म्हटलं. तोवर त्याचा एकही फोटो निघाला नव्हता.

मुंबईला परतले ती तशीच टेबलावर. साहेब मागे उभे राहून नुसतं चित्र बघायला लागले, आवाज अजून जुळवायचा होता. सखारामने उचललं आणि पडद्यावर सगळं थांबलं. साहेब म्हणाले, "मशीन अडकलं."

"नाही साहेब, ते थांबलेत."

"लढता लढता? काहीतरीच काय! अडकल्यासारखं दिसतंय. तो तुकडा काढून टाक आणि मधे टाळ्या लाव."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परत टाळ्या? मग नवा कॅमेरा हवा कशाला? "साहेब, एक चहा पिऊन या. तेवढं द्या मला," मी म्हटलं. ते घड्याळ बघत गेले. आता टाळीचा पत्ता नव्हता, सगळ्या गावाने वाजवलेल्या. कशावर जुळवू? मग सुचलं, धप्प! पडण्याचा आवाज एकच होता आणि पाठ मातीला लागण्याची फिल्मवरची चौकटही एकच. दोन्ही एकावर एक ठेवली आणि फिल्म आणि टेप मागे फिरवली तर सगळं सुतासारखं जुळलेलं.

साहेब परत आले. आता तोच थांबलेला पडदा, पण त्यात हलगी तुटल्यावरची शांतता, दोघांचे धापणारे श्वास, मग हळूच "निघाला का?" आणि मग एका बाईची किंकाळी. साहेब खुर्चीतून पुढे झुकले. धप्प झालं आणि ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले बातम्यांवाले बघायला आले.

"ही बाई कोण ओरडतेय?"

"मीच, साहेब."

"राहू दे तसंच. थांबणं थोडं लांबलंय, जरासं काप," ते डोळे पुसत म्हणाले. "कॅमेरा खेळाकडेच राहील." आणि दाराशी जाऊन वळले, "आणि तूही."

मी कापला तो जरासा तुकडा पर्समध्ये टाकला. एका फोटोवाल्याकडून त्यातली एक चौकट मोठी करून घेतली आणि दोन प्रती पाठवल्या, एक तिसगावला, एक कोपरगावला.

पुढे केंद्रात व्हिडिओ टेप आली, जुन्या रिळांना कपाटं पुरेनात. आमची कुस्ती कुठे गेली, मी पुष्कळ विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ज्या हलत्या फोटोसाठी एवढा जीव काढला तो नाहीसा झाला, आणि कापून टाकलेला न हलणारा तेवढा राहिला. गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन तिसगावला गेले तेव्हा तो सखारामच्या ओसरीत भिंतीवर होता. रंगनाथ गेल्याचं तिथेच कळलं. त्याच्याही भिंतीवर तो शेवटपर्यंत होता म्हणे. सखाराम त्याच्याविषयी बोलताना मधेमधे फोटोकडे बघायचा. गुडघे गेलेत, काठी लागते, पण हनुवटी तशीच.

निघताना मी त्याच्यासमोर मोबाईल धरला. त्याने काठी भिंतीला टेकवली, छाती पुढे काढली आणि थिजला. भाची म्हणाली, "आजोबा, व्हिडिओ आहे, हला की!" तो हलतोय कसला!

घरी आल्यापासून येरझाऱ्या घालता घालता मी तो व्हिडिओ कितीदा पाहिलाय! मागे लिंबाची पानं हलतात, एक कोंबडी जाते, तो तसाच उभा. मग ओठ न हलवता विचारतो, "निघाला का?"

आणि माझा आवाज येतो, "नाही अजून. थांब जरा."

तो थांबतो.