अक्काच्या रक्तातली साय

भावजींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला दहावीचे पेपर तपासत बसलो होतो. "अक्का गेली," एवढंच ते बोलले. आदल्या दिवशी तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती. आणायला फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले…

शिवकांताअक्का माझी थोरली बहीण. निलंग्यात वाढली आणि पुढं लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवू लागली. अंगानं काडी. पहाटे भराभरा चालून यायची, चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती दरवेळी एक प्रयोग दाखवायची. रात्रभर उपाशी असलेल्या एखाद्या धडधाकट मुलाचं रक्त काढायचं. नळीत वर जमणारा द्रव निवळशंख, पिवळसर असायचा. मग त्याला तुपातला शिरा आणि पुऱ्या पोटभर खाऊ घालायच्या आणि तीन-चार तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. आता तोच द्रव गढूळ, पांढुरका दिसायचा. "खाल्लेली चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून फिरायलीय," ती सांगायची. "निरोगी माणसाचं शरीर संध्याकाळपर्यंत ती उचलून नेतं. तूप खाणं गुन्हा न्हाई, पोरांनो. उचलणारे हमाल पाहिजेत."

एका वर्षी ठरलेला मुलगा आजारी पडला म्हणून तिनं स्वतःचाच हात पुढं केला. पोटात पाण्याचा घोट तेवढा होता. नळीत मात्र वर सायीसारखा दाट पांढरा थर आला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम आज जेवूनच आल्या वाटतं!" वर्ग हसला. अक्का गडबडली. "हो… विसरलेच," म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला. "खोटं बोलले रे मी. चोरी पकडल्यावानी झालं." पुढच्या तपासण्यांत कळलं की दोष जन्मजात होता. तिच्या रक्तातले हमालच कमी होते. पुढच्या तासाला तिनं मुलांना सगळं खरं सांगितलं. ते सांगताना तिचे कान तापले होते, हे तिनंच मला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. तूप, तेल सुटलं; रक्तात चरबी फार साठली तर स्वादुपिंड सुजून जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वर्गात खरं सांगणं जमलं, नात्यागोत्यात मात्र ते तिला कधीच जमलं नाही. आमच्यात माया तुपानं मोजतात. जायच्या दोन-तीन दिवस आधी धर्माबादला मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात तेच झालं. मी पेपरांमुळं गेलो नव्हतो, भावजींनी सांगितलं. मामी तुपाचं भांडं घेऊन पंगतीत आल्या. अक्कानं ताटावर हात धरला तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "एवढी वाळून गेली अन् तूप नको? माझ्या हातचं चालत न्हाई का गं?" पंगत बघू लागली. ‘मला हा आजार आहे,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. अक्कानं हात काढून घेतला. मामींनी पुरणपोळी बुडेस्तोवर तूप ओतलं, वरून भजी वाढली. ती सगळं जेवली.

घरी आल्यावर पोट दुखू लागलं. "गॅस असंल," ती म्हणत राहिली. तो गॅस नाही, हे तिच्याएवढं कुणाला कळणार होतं? भावजी गाडी काढायला निघाले तर तिनं त्यांचा हात धरला. "तिथं सगळी माझीच पोरं डॉक्टर हायत. काय खाल्लं म्हणून इचारतील… काय सांगू?" शेवटी वेदनेनं तिची शुद्ध हरपली, तेव्हा कुठं तिला नेता आलं.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर मी भावजींसोबत तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दाराच्या मागं, भिंतीशी एक बुटका पाट होता. वरच्या भिंतीचा रंग एका ठिकाणी पाठीएवढा घासून गेला होता.

"इथं काय ठेवायचे?" मी विचारलं.

"काही न्हाई. ती इथं जेवायची." भावजींनी दार पाटाकडं लोटून दाखवलं. "पाहुणं आलं की हे दार असं उघडं राहायचं, अन् ही दाराआड. कोरडी भाकरी, वरण. मला वाटायचं, हिला एकटीला जेवायला आवडतं."

आपल्याच घरात, आपलंच ताट लपवून. त्यांनी माझ्यापुढं जेवण ठेवलं. पाहुणा म्हणून मीही इथं कितीदा जेवलो होतो; ती कुठं जेवते, हे कधी विचारलं नव्हतं. मला मान वर करता येईना.