पहिली मूठ

"पदर झाड," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्या चालवायच्या त्या सोसायटीच्या सामूहिक बागेत शनिवारचा योगाचा वर्ग नुकताच सुटला होता. बायका चटया गुंडाळत होत्या, मुलं गांडूळखताच्या खड्ड्याभोवती उभी होती. फाटकातून निघताना माझा खोचलेला पदर मॅडमना दिसला. मी तो सोडला. चवळीच्या मूठभर शेंगा खाली पडल्या. कुणीतरी हसलं. मॅडम मुलांकडे वळल्या. "बघा, ही सगळ्यांची बाग आहे. न विचारता घेतलं की त्याला काय म्हणतात?"

"चोरी," मुलं एका सुरात म्हणाली. पाढे म्हणतात तशी.

ती चवळी माझी होती. मी पेठ तालुक्याकडची, डोंगरातली. बी आईचं, राखेत घोळून सुक्या भोपळ्यात जपलेलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. गंगापूर रोडच्या त्या सोसायटीत मी झाडलोट करायचे. रिकाम्या प्लॉटवर बाग करायचं ठरलं तेव्हा मॅडमनीच विचारलं होतं, "तुमच्याकडचं गावठी बी आहे का गं?" मला केवढा आनंद झाला! आमच्या घरचं काही कुणी कधी मागितलं नव्हतं. वाफे मी खणले. पाणी मी घातलं. वेल काठ्यांवर मी चढवले. फाटकावर पाटी लागली: मिळून पिकवू, मिळून शिकू, निरोगी राहू. त्यात मीही आहे असं मला वाटलं. येडीच मी.

आमच्या घरात नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. ज्यानं पेरलं त्यानंच पहिली मूठ तोडायची, घरी देवापुढे ठेवायची. आई म्हणायची, "पयली देवाची, मंग आपली." मी तेच केलं. त्यासाठी परवानगी काढावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पेरणारीनं कुणाला विचारायचं? एवढीच माझी चूक.

"उचल आणि टोपलीत टाक," मॅडम म्हणाल्या. "सॉरी म्हण, विषय संपला."

टोपलीत घरोघरी वाटायची भाजी होती. मी वाकले. खरंच वाकले. पाठीला सवयच ती. हात शेंगांपर्यंत गेला आणि थांबला. मातीत पडलेलं देवाला चालत नाही. आणि माझ्याच हातानं ते टोपलीत गेलं असतं, तर मी चोर ठरले असते. मला राग आला. पोटातून आला. त्या दिवशी मी तो गिळला नाही.

"नाही उचलणार."

"काय?"

"मी पेरलंय. मी चोर नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नाही गेले. शेजारच्या सोसायटीतलं कामही सुटलं, बायकांच्या ग्रुपवर सांगून झालं होतं. देवापुढे काही ठेवलं नाही, म्हणून त्या वर्षी नवी चवळी माझ्या तोंडात गेली नाही. त्यांनी फोटो काढून खाल्ली.

यंदा पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे वॉचमन उत्तमदादा खोलीवर आले. मान खाली घालूनच बसले. "मॅडम म्हणत्यात, झालं गेलं इसरून जा. तिकडं बी नाय उरलं, सगळ्या शेंगा हिरव्याच तोडल्या. थोडं बी दे, काम परत देत्यात." मग हळूच म्हणाले, "दे ना पोरी. काय खाशील?"

खरंच बोलत होते. काय खाईन, मलाही माहीत नाही. गावी भाऊ द्राक्षाच्या मळ्यांत मजुरीला जातो, डोंगरावरचा तुकडा पडीक आहे. माझ्या खोलीला अंगण नाही, दाराला लागून गटार. भोपळ्यात थोडंसं बी उरलंय. ते काही जन्मभर टिकणार नाही. भुंगा लागेल, नाहीतर आतला जीव जाईल. कुणी चांगली बाई जागा देईल, या आशेवरही मी आता नाही.

दादांना चहा दिला आणि सांगितलं, "बी मिळायचं नाही."

हातभर माती मिळाली तर पेरीन. नाही मिळाली तर ते माझ्याच घरात मरेल, आईचं शेवटचं बी. मी रडेन. पण ज्यांनी माझी पहिली मूठ मातीत पाडली, त्यांच्या वाफ्यात ते पुन्हा रुजणार नाही. आणि पदर मी झाडला तो शेवटचा.