आजींची लेसची कॉलर

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला शिकत असताना मी एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायचे. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारी शिफ्ट. अंग कायम आंबलेलं असायचं. त्या थकव्यात एकदा माझ्या हातून तिथल्या एका आजींची टॅटिंगची, म्हणजे हाताने गाठी घालून केलेल्या लेसची कॉलर चादरींबरोबर गरम पाण्याच्या मशिनमध्ये गेली आणि चिंध्या होऊन बाहेर आली.

मी स्वतःच जाऊन सांगितलं. आजी रागावल्या नाहीत. "माझ्या आईने केली होती," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

टॅटिंग मला मावशीने शिकवलं होतं. पुण्याहून आणलेलं शटल, म्हणजे त्यासाठीची दोरा गुंडाळायची छोटी धोटी, बॅगेच्या तळाशी पडून होतं. बारीक पांढरा दोरा विकत आणला आणि तासाला एक येणाऱ्या बसची वाट बघताना गाठी घालत राहिले. डोळे चुरचुरायचे, गाठ चुकायची, आणि चुकलेली गाठ सोडवताना रडू यायचं. तीन आठवडे लागले.

आजींनी नवी कॉलर भिंगाखाली धरली, एकेक कडी बोटाने चाचपली.

"ही माझी नव्हे."

"नाही, पण..."

"छान झालीय. तू नीट झोपून किती दिवस झाले गं?"

मी बोटांवर मोजू लागले. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. शिफ्ट संपलीच होती. दोन मिनिटं टेकते म्हटलं आणि गाढ झोपले. जाग आली तेव्हा माझ्या पायांवर शाल होती, आणि आजी कॉलर घालून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. दारातल्या नर्सला त्या हळूच म्हणाल्या, "तिला उठवू नका."