फळी पाडण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातलं ‘टोलिव्हर’ हे अमेरिकन जहाज स्वतः किनाऱ्याला लागत नसे. हजार-दीड हजार शिपाई पोटात घालून प्रशांत महासागरातल्या एकेका बेटापाशी न्यायचे आणि लांबूनच होड्यांत उतरवून द्यायचे, एवढंच त्याचं काम. पुढचं मरण होडीवाल्यांनी बघायचं. ऑर्विल टॅकेट त्यांतलाच एक. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतला, पोहण्याएवढं पाणी कधी न पाहिलेला. आरमाराला अशीच माणसं बरी सापडतात!

मागच्या बेटावर त्याच्या हातून घात झाला होता. होडी टेकली, थांबली, म्हणून त्याने शिपायांना उतरायची समोरची फळी पाडायला लावली. टेकली होती ती पाण्यातल्या वाळूच्या दांड्यावर. पुढे पुरुषभर पाणी. पाठीवर ओझी घेतलेले सहा शिपाई पाऊल टाकताच दिसेनासे झाले. साहेब म्हणाले, लढाईत असं व्हायचंच. ऑर्विलला मात्र त्या दिवसापासून तोफगोळ्यांपेक्षा फळीची धास्ती बसली.

आज सकाळी छत्तीस शिपाई जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोरांच्या जाळीवरून त्याच्या होडीत उतरले. वरच्याचा बूट बोटांवर पडू नये म्हणून सगळे उभ्या दोऱ्या धरून येत होते. ऑर्विल सुकाणू धरून उभा होता. फळी सांभाळणारा त्याचा जोडीदार मर्ल म्हणाला, “इंजिन बंद केलंस तरी चालेल, तुझ्या पायांच्या थरथरीवरच पोचू.” ऑर्विलला हसू आलं नाही.

किनारा शंभर हातांवर असताना होडी टेकली. दोन्हीकडे गोळे पडत होते. शिपायांच्या लेफ्टनंटने फळी पाडायचा हुकूम दिला. ऑर्विलने मर्लला लांब काठीची आकडी पाण्यात घालून तळ बघायला सांगितलं. मर्ल काठावरून छातीभर बाहेर वाकला. आकडी पुरी बुडाली.

लेफ्टनंटने पिस्तूल काढलं. “इथे थांबलो तर सगळे मरू. पाड म्हणतो ना!”

“साहेब, भीतीने माझी बोबडी वळलीय,” ऑर्विल म्हणाला. “पण इथे फळी पडणार नाही.”

त्याने होडी मागे घेतली, मोठी लाट धरली आणि पूर्ण वेगात दांड्यावरून घातली. पुन्हा टेकल्यावर पुन्हा तेच सांगितलं. मर्ल पुन्हा वाकला. आता किनाऱ्यावरून थेट होडीवर गोळ्या येत होत्या.

“गुडघाभर,” मर्ल ओरडला, आणि त्याने फळी सोडली.

छत्तीसच्या छत्तीस जण पाण्यातून चालत वाळूवर गेले. ऑर्विलला रडू फुटलं. फळी वर घे, म्हणून त्याने मर्लला हाक मारली. एकदा, दोनदा. मर्ल काठाला टेकून बसला होता, आकडी हातात तशीच, आणि त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू लाल झाली होती. फळी ऑर्विलनेच वर घेतली.

पुढे तो गावी परतला, म्हातारा झाला. गावात नंतर झालेल्या तळ्यावर पोरं पोहायला निघाली की हा काठी घेऊन आधी पाण्याची खोली बघायला जायचा. पोरं म्हणायची, आजोबा, आम्ही बघतो ना. पण ती काठी त्याने कधीही दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.