सिस्टरच्या जिभेवरचा मुरमुरा

सुईच्या सिस्टर नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघतच नसत. डोळे मिटून त्याचं बोलणं ऐकायच्या. पहिल्या दिवशी मी नुसतं “नमस्कार सिस्टर” म्हणालो, तर म्हणाल्या, “डावीकडून जास्त कोरडं पडायलंय तोंड तुमचं.” ते बरोबर होतं.

नर्सची नोकरी संपल्यावर त्या अ‍ॅक्युपंक्चर शिकल्या आणि जिंतुरात घराच्या पुढच्या खोलीत बसू लागल्या. मी बोरीच्या शाळेत शिक्षक. घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक घेतले. कॅन्सर गेला, पण जाताना तोंडातली लाळ घेऊन गेला. पाच मिनिटं बोललो की जीभ टाळ्याला चिकटायची. भाकरीचा घास पाण्याने ढकलावा लागायचा. बोलता न येणारा मास्तर कुणाला हवा?

कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघितल्याशिवाय त्या सुईला हात लावत नसत. म्हणाल्या, “लाळेच्या मेलेल्या गाठी उठवायची विद्या माझ्याकडं न्हाई, सर. ज्या झोपल्यात त्यांना हाक मारून बघते.” मग कानाला, हनुवटीखाली, तर्जनीला केसासारख्या बारीक सुया.

सुया काढल्यावर त्यांची परीक्षा असायची. डब्यातला एक मुरमुरा माझ्या जिभेवर, एक स्वतःच्या. समोरासमोर तोंड उघडं टाकून आम्ही दोघं गप्प बसायचो आणि भिंतीवरचं घड्याळ वाजत राहायचं. कुणी अचानक आत आलं असतं तर किंचाळत पळालं असतं. त्या स्वतःच्या जिभेवर का ठेवतात, मी विचारलं. “आपल्याकडची हवा लय वाईट. कुणाचंबी तोंड सुकतं. हवेचा दोष किती अन् तुमचा किती, ते माझ्या जिभेवरनं कळतं.”

त्यांचा मुरमुरा लगेच विरघळायचा, माझा खड्यासारखा तसाच. पण दर गुरुवारी अकराला जात राहिलो आणि माझाही हळूहळू मऊ पडू लागला. मग सिस्टर दोन महिने लेकीकडे गेल्या. परतल्या त्या ऐन उन्हाळ्यात, गळ्याला स्कार्फ गुंडाळून.

त्या गुरुवारी माझा मुरमुरा विरघळला. त्यांनी आपला तळहातावर काढला, तर डब्यातून आत्ताच घेतल्यासारखा कोरडा. “सिस्टर, आज मी जिंकलो,” मी म्हणालो. त्या हसल्या. स्कार्फ जरा सरकला. खालची काळवंडलेली कातडी मला ओळखू आली. शेक घेतल्यापासून तशीच मी रोज आरशात बघत होतो.

मी डब्याचं झाकण लावलं आणि विचारायचं टाळलं. संकोच वगैरे म्हणून स्वतःला पुष्कळ समजावलं, पण खरं सांगायचं तर विचारलं असतं आणि त्यांनी सुया बंद केल्या असत्या तर, ही भीती होती. मला माझी लाळ हवी होती.

पुढे दर गुरुवारी तेच झालं. माझं तोंड ओलं, त्यांचं कोरडं. त्यांचीच ओल माझ्याकडे येतेय असं वाटून मला तिथे बसवेनासं झालं. शेवटी विचारलंच, “स्वतःला सुया का लावत नाही?”

“लावते की,” त्या म्हणाल्या. “माझी हाक मलाच ऐकू यीना.”

मी पुन्हा शाळेत रुजू झालो. पावसाळा संपता संपता सिस्टर गेल्या. गुरुवारच होता. मी पोचलो तेव्हा लेक त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती आणि ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येत होतं. घड्याळात अकरा वाजले. माझं तोंड पाण्याने भरून आलं. गिळलं तरी पुन्हा भरलं. त्या देहासमोर मी आवंढ्यावर आवंढे गिळत उभा राहिलो. शेवटी तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं, सर रडतायत.

रडलो ते घरी. आंघोळ करून ताटावर बसलो, कोरड्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि तो पाण्याशिवाय खाली उतरला, तेव्हा.