तेलाखालचा ठोका

दिवाळीच्या पहाटे वाटीतलं तेल कोमट झालं की त्या वासाने मला अजून एक जुनी पहाट आठवते. काही वर्षांपूर्वी अशाच पहाटे आईने अप्पांच्या अंगाला तेल चोळलं होतं आणि आंघोळीला उठता उठता ते छाती धरून पाटावरच बसले. कसाबसा शर्ट चढवून आम्ही त्यांना जवळच्या नजरबाद भागातल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. सिस्टरने हातापायांना चिमटे लावले, छातीवर गार जेल लावून रबरी फुग्यांच्या वाट्या बसवल्या आणि ईसीजीचं यंत्र सुरू केलं. कागद सरकू लागला, पण त्यावर नुसती सरळ रेघ! अप्पांचे डोळे मिटलेले. "सरळ का रे येतेय?" आईने माझा दंड आवळला. मला अप्पांच्या तोंडाकडे बघायचं धाडसच होईना. तेवढ्यात एक वाटी छातीवरून घसरली. सिस्टरने तिथे बोट फिरवलं आणि ती कानडीत ओरडलीच, "एण्णे हच्चिद्दीरा? तेल लावलंय? एवढं तेल असल्यावर आतली वीज तारेपर्यंत येणार कशी?" तिने हातपाय, छाती स्पिरिटने खसाखसा पुसली, वाट्या पुन्हा बसवल्या आणि कागदावर एकामागून एक टोकं उमटू लागली. दुखणं पित्ताचं निघालं. आता आई नाही, दिवाळीला अप्पांना तेल मीच लावतो. छातीपाशी आलो की माझा तळवा थांबतो. "झालं का रे?" अप्पा विचारतात. ठोका हाताला लागेपर्यंत मी म्हणत राहतो, "थांबा, अप्पा. थांबा जरा."