बसून तपासलेली गिटार

करीमभाई शुक्रवारच्या नमाजाला गेले होते आणि मी त्यांचा ड्रॉवर उचकत होतो. हे आधीच कबूल करतो.

पनवेलला खांदा कॉलनीत माझं गिटारचं वर्कशॉप आहे. लाकडाचं काम माझं, वायरिंग करीमभाईंचं. बारा वर्षं आम्ही एकत्र आहोत. उलव्याच्या जयेशला आम्ही एक इलेक्ट्रिक गिटार बनवून दिली. तो हळदीला वाजवतो. पंधरा दिवसांत गिटार परत आली.

"दादा, गाणं रंगात आलं का आवाज आपोआप उतरतो. नवरीचा काका सगल्यांसमोर बोलला, जेवला नाय काय रं?"

व्हॉल्यूमच्या नॉबखाली पॉट नावाचा छोटा पार्ट असतो. आवाज कमी-जास्त होतो तो त्याच्यामुळे. जुना पॉट दगा देतो. करीमभाई जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे पार्ट जपून ठेवतात, हे मला माहीत होतं; तसलाच एखादा त्यांनी बसवला असेल, असा मला संशय आला. मी नवा पॉट आणून दिला आणि गुपचूप त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. तो बसवल्यावरही तीच तक्रार आली. म्हणून ड्रॉवर. तिथे काही मिळालं नाही. गिटार उघडली, तर ठिपक्याचा पॉट आत होता. तरी मन मानेना. सोल्डरिंगमध्येच काही लबाडी असेल.

करीमभाई आले. जयेश समोर बसला होता, तरी मी विचारलंच, "भाई, खरं सांगा, कामात लबाडी करताय का?"

त्यांनी टोपी घडी करून खिशात ठेवली. "सुनीलभाऊ, माझ्या इमानावर शक असेल तर दुसरा माणूस बघा." आणि निघून गेले.

काहीतरी करायचं म्हणून मी गिटारचं झाकण बसवलं आणि जयेशला म्हटलं, "वाजव बघू."

त्याने पट्टा गळ्यात घातला आणि उभा राहिला. गिटार कमरेच्या खाली लोंबली. हळदीच्या ठेक्यात हात जोरात खालीवर जाऊ लागला, आणि दर फटक्याला त्याची करंगळी नॉबला घासत होती. नॉब हळूहळू फिरत होती.

नॉब तारांजवळ असली की वाजवता वाजवता करंगळीने आवाज चढवता येतो. लांब असली की चुकून धक्का लागत नाही. ती जवळ घ्यायचं मी ठरवलं होतं. स्टुलावर बसून, गिटार मांडीवर घेऊन, हळू वाजवून. हळदीत बसून कोण वाजवतं?

जयेश म्हणाला, "मंग चोर तुमीच हाव, दादा."

नॉब दीड इंच लांब नेली. आवाज पुन्हा उतरला नाही. वाद्य जसं वाजणार तसंच तपासावं, एवढा धडा त्यातून घ्यावा. माणसाला तपासत बसू नये.

आरोप जयेशसमोर केला होता, म्हणून त्याला घेऊनच करीमभाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेरूनच बोललो.

"भाई, नॉबचं भोक मी चुकीच्या जागी पाडलं आणि बोल तुम्हाला लावला. मला माफ करा."